जुन्या बाजारातील अस्सल आणि नक्कल

सात बेटे जोडून उभ्या राहिलेल्या मुंबईत बंदराच्या वाटेने जगभरातील वस्तू आल्या आणि येथील घराघरांत रुजल्या. पुढे जुने बंगले पडले, कचेऱ्या मोडीत निघाल्या. तेथील शिसवी कपाटे, हंड्या-झुंबरे, लंबकाची घड्याळे भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर येऊन विसावली. हाच प्रसिद्ध चोरबाजार. ‘शोर बाजार’ या नावाचा हा अपभ्रंश असल्याचे सांगितले जाते. येथील बहुतेक दुकाने शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर वापरलेल्या वस्तूंचा जुम्मा बाजार भरतो.

या बाजारात अस्सल जुन्या वस्तूंच्या शेजारीच जुन्यासारखा दिसणारा नवा मालही मांडलेला असतो. तो नवा म्हणून विकला गेला, तर त्यात गैर काहीच नाही. मात्र, शतकापूर्वीचा म्हणून त्याचे मोल मागितले जाते, तेव्हा ग्राहकाची फसगत होते. त्यामुळे विक्रेत्याने सांगितलेल्या कहाणीपेक्षा वस्तू स्वतः काय सांगते, याकडे लक्ष देणे हिताचे.

वस्तूची साक्ष

चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन हे या बाजाराचे मोठे आकर्षण. त्यातील अनेक यंत्रे निरनिराळ्या सुट्या भागांची जुळणी करून बनवलेली असतात. नव्या लाकडाची पेटी आणि त्यावर डकवलेले प्रसिद्ध कंपनीचे बोधचिन्ह दिसले, की सावध व्हावे. ‘व्हिक्टोरियन’ म्हणून दाखवलेल्या खुर्चीत चौफुलीच्या खाचेचे स्क्रू असतील, तर ती खुर्ची किंवा निदान तिची दुरुस्ती तरी नंतरची आहे, हे निश्चित. कारण असे स्क्रू १९३०च्या दशकात प्रचारात आले. खण बाहेर काढून त्याची मागची बाजू पाहावी. तेथील लाकूड वर्षानुवर्षांच्या हवेने काळवंडले आहे की त्यावर रंग चढवला आहे, हे लक्षात येते.

नाण्यांच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि रामदरबाराची मुद्रा असलेले तांब्याचे नाणे हमखास दाखवले जाते. कंपनीने असे नाणे चलनात कधीच आणले नव्हते.

राजा रविवर्मा यांच्या देवदेवतांच्या चित्रांनाही मोठी मागणी असते. त्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापाचे चित्र भिंगाखाली पाहिले, तर रंगाचे कण अनियमित दिसतात. आधुनिक ऑफसेट छपाईत मात्र ठिपक्यांची आखीव जाळी उमटते. दहा-वीस रुपयांचे भिंग येथे हजारो रुपये वाचवू शकते.

कायद्याची रेषा

वस्तू अस्सल निघाली, तर दुसरी जबाबदारी सुरू होते. पुरावस्तू व कला-खजिना कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरते. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तूंच्या व्यापारासाठी परवाना लागतो. जुन्या मूर्ती व चित्रांसारख्या काही प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे. खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. तसे केल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परदेशी राहणाऱ्या आप्तांना भेट पाठवताना वस्तू जुनी भासत असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधी मिळवावा. हस्तिदंत कितीही जुना असला, तरी त्याची खरेदी-विक्री बेकायदा आहे.

ही बंधने अनाठायी नाहीत. गावातील देवळातून चोरीला गेलेली मूर्ती शेवटी कोणाच्या तरी दिवाणखान्यातच पोहोचते. चोरीचा माल असल्याची जाणीव असताना तो घेणे हाही भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हाच. म्हणूनच वस्तू कोठून आली हे विचारावे आणि बिल अवश्य घ्यावे.

नवे, तरीही अस्सल

कायद्याची धास्ती नको असेल, तर आजच्या कारागिरांची हस्तकला हा उत्तम पर्याय आहे. पैठणीला २०१० मध्ये, वारली चित्रकलेला २०१४ मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथेही नकला आहेतच. पण त्या ओळखता येतात. हातमागाच्या पैठणीच्या पदरावरील मोर उलट बाजूनेही तितकाच नेटका दिसतो, तर यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे असतात. अस्सल कोल्हापुरी चपलेला खिळे नसतात. ती चामड्याच्या वादीने शिवलेली असते. हाताने काढलेल्या वारली चित्रात एक आकृती दुसरीसारखी हुबेहूब नसते, छापील चित्रात असते.

राहिला प्रश्न घासाघिशीचा. चोरबाजारात ती रीतच आहे आणि सांगितलेल्या भावाच्या बऱ्याच खालून सुरुवात केली, तरी कोणी रागावत नाही. पैठणीच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. एक साडी विणण्यात कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. तेथे कमी केलेला प्रत्येक रुपया थेट विणकराच्या मजुरीतून जातो आणि मजुरी परवडेनाशी झाली, की पुढची पिढी मागावर बसत नाही. ती बसली नाही, तर उद्या पैठणीही जुन्या बाजारातच शोधावी लागेल.