भूल आणि रक्ताचा हिशेब

अम्मीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया व्हायची होती. आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. "जेवण कसं आहे?" त्यांनी विचारलं. "व्यवस्थित," मी म्हणालो. त्यांनी रक्ताचा अहवाल पाहिला आणि म्हणाल्या, "आजींना औषध कमी आणि सावकाश द्यावं लागेल. वय तर आहेच, पण रक्तही तेच सांगतंय."

श्रोतेहो, भुलीची मात्रा वजनावर ठरते एवढंच मला ठाऊक होतं. मग रक्ताचा संबंध काय?

शिरेतून दिलेलं औषध रक्तातून मेंदूकडे जातं. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. ते यकृतात तयार होतं. बरंचसं औषध त्याला चिकटून राहतं. एस.टी.त जागा मिळालेले प्रवासी समजा. मेंदूच्या थांब्यावर उतरतात ते उभे असलेले. प्रोपोफॉल या नेहमीच्या औषधाचे 100 पैकी 97-98 भाग असे बसलेले असतात. कुपोषणात, यकृताच्या आजारात अल्ब्युमिन घटतं, जागा कमी पडतात. मोकळ्या औषधाचे 2 भागांचे 4 झाले, तरी मेंदूच्या दृष्टीनं ते दुप्पट! रक्तदाब कोसळू शकतो, श्वास मंदावू शकतो.

अपघातात रक्त वाहून गेलं असेल तरीही मात्रा कमी करतात. औषध थोड्या रक्तात मिसळतं आणि उरलेलं रक्त शरीर आधी मेंदू व हृदयाकडे वळवतं.

कधी उणीव जन्माचीच असते. स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन रक्तातलं एक विकर एरवी काही मिनिटांत मोडून टाकतं. काही घराण्यांत हे विकर जवळजवळ नसतंच; आपल्या देशात आर्य वैश्य समाजात हे अधिक आढळलं आहे. माणूस धडधाकट असतो, नेहमीच्या तपासणीत काही दिसत नाही. पण हे औषध दिलं तर काही तास स्वतःहून श्वास घेता येत नाही. तोवर यंत्रावर ठेवावं लागतं. म्हणूनच डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला भूल उतरायला उशीर लागला होता का?"

या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. अम्मी दोन महिने धड जेवत नव्हती. सांगायची मला लाज वाटली. मी लपवलं ते तिच्या रक्तानं सांगितलं, म्हणून निभावलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)