सुईसाठी गाव बदललेली वेधशाळा

यवतमाळ जिल्ह्यात पुसद-दारव्ह्याकडच्या काळ्या कातळावर होकायंत्र ठेवलं, तर सुई उत्तर दाखवेलच याची खात्री नसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. एरवी खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला कोन, म्हणजे दिक्पात, यवतमाळात एक अंशाहूनही कमी भरतो. पण तो स्थिर नसतो. दिवसभरात किंचित झुलतो, वर्षानुवर्षं सरकतो, आणि सूर्यावर वादळ उठलं की उसळतो.

हे झुलणं मोजण्याचं मराठी मुलखातलं जुनं ठिकाण म्हणजे मुंबईची कुलाबा वेधशाळा. इथे १८४१पासून चुंबकीय नोंदी होत. उपकरणं डब्लिनच्या ग्रब यांची. रेशमाच्या पीळ नसलेल्या धाग्यावर टांगलेला चुंबक, त्याला आरसा, आणि आरशातली मोजपट्टी दुर्बिणीतून वाचणारा माणूस. चुंबक केसभर वळला तरी पट्टीवरचा आकडा बदलतो. सप्टेंबर १८५९च्या प्रचंड सौरवादळात लंडनजवळच्या क्यूमधली छायाचित्रण यंत्रणा मोजपट्टीबाहेर गेली. कुलाब्यात मात्र डोळ्यांनी वाचणाऱ्यांनी चुंबकीय क्षेत्रातली सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली. त्या वादळाचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ आजही याच नोंदींकडे वळतात. वाचणाऱ्यांची नावं मात्र फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचा घाट घातला गेला. जमिनीतून वाहणारा तिचा प्रवाह सुईला डिवचणार, हे उघड होतं. कातळाची खोड कायमची असते. एकदा मोजली की वजा करता येते. ट्रामची खोड क्षणाक्षणाला बदलते, तिला वजा कशी करणार? तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबाग निवडलं. तिथली इमारत १९०४मध्ये उभी राहिली, तीही आसपासचा काळा दगड टाळून, पोरबंदरच्या दगडात. लोखंडाऐवजी तांबं-पितळ वापरून. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजून जुनी मालिका नवीला जोडली, मग कुलाब्याचं चुंबकीय काम थांबवलं. ट्राम धावली १९०७मध्ये. माझ्या मते मूस यांचं खरं कर्तृत्व या दोन वर्षांच्या दुहेरी मोजणीत आहे. ती नसती तर नोंदींचे दोन तुकडे उरले असते.

यवतमाळकरांना यातला थोडा भाग घरबसल्या पडताळता येईल. साधं होकायंत्र काळ्या दगडाच्या अगदी जवळ न्या आणि मग दूर धरा. सुई हलली, तर दगडाला दोष देण्याआधी खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवून पुन्हा पाहा.