एका अक्षराची किंमत

नवा कॉम्प्युटर घरी आला. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि लेकीने बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, दिवा लागला. पण स्क्रीन काळी ती काळीच!

माझ्या पोटात गोळा आला. लेक यंदा डिप्लोमाला लागलेली, कॉम्प्युटरशिवाय तिचं भागणार नव्हतं. आणि पैसे होते माझ्या भिशीचे. दोन वर्षं जमवलेले.

झालं होतं असं, की दुकानदाराने पहिल्या अंदाजपत्रकात ग्राफिक्स कार्डही धरलं होतं. आकडा ऐकून मी म्हटलं, ‘ते कार्ड काढा.’ त्याने काढलं. मॉनिटर जुनाच घरी होता, त्यामुळे दुकानात स्क्रीन लावून कुणी बघितलंच नाही. आता परत गेले तर उत्तर मिळालं, ‘वहिनी, कार्ड घ्यावंच लागेल. साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.’

समजावून मलाच सांगा की! पैसे माझे आहेत.

घरी येऊन लेक आणि मी प्रोसेसरचा खोका घेऊन बसलो. त्यावरच्या नंबराच्या शेवटी एक अक्षर होतं : ‘एफ’. सगळी गोम तिथेच होती.

मैत्रिणींनो, प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, हे आपल्याला ठाऊक असतं. पण स्क्रीनवर जे काही दिसतं, अगदी साधं अक्षरसुद्धा, ते उमटवण्याचं काम ग्राफिक्सचं. पूर्वी ते मदरबोर्डवरची वेगळी चिप किंवा वेगळं कार्ड करायचं. मग इंटेलने २०११च्या जानेवारीत मेंदू आणि ग्राफिक्स एकाच चिपवर आणलेले डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आणले. एएमडी कंपनीने तर २००६मध्येच ‘एटीआय’ ही ग्राफिक्सवाली कंपनी विकत घेतली होती. तिचेही असे प्रोसेसर २०११मध्येच आले. तेव्हाचं ते ग्राफिक्स कामापुरतंच होतं. आता मात्र मजल बरीच पुढे गेलीय. एएमडीच्या २०२४मध्ये आलेल्या ‘रायझन ८०००जी’ मालिकेतल्या वरच्या प्रोसेसरवर कार्डाशिवायही बरेच गेम्स चालतात.

मग ‘एफ’ काय? इंटेलच्या नंबराच्या शेवटी ‘एफ’ असेल, तर त्यातलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं. तो थोडा स्वस्त मिळतो, पण कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसत नाही. एएमडीकडे ‘जी’ म्हणजे त्यातल्या त्यात दमदार ग्राफिक्स. त्यांच्या ७००० आणि ९००० मालिकांतल्या बहुतेक प्रोसेसरांत कामापुरतं ग्राफिक्स असतं. पण तिथेही शेवटी ‘एफ’ दिसला, की सावध!

घरच्या चार माणसांचा स्वयंपाक आपण एकटीने करतोच ना? लग्नाच्या पंगतीला मात्र आचारी लावावा लागतो. कार्ड म्हणजे तो आचारी. मोठे नवे गेम्स, थ्रीडी अ‍ॅनिमेशन, व्हिडिओचं जड काम असेल तर ते हवंच. टायपिंग, हिशेब, ऑनलाइन वर्ग, सिनेमा, शिकण्यापुरतं कोडिंग, एवढ्याला आतलं ग्राफिक्स पुरतं.

एक मात्र लक्षात ठेवा. या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते. ते कॉम्प्युटरच्या रॅममधलीच वापरतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्याव्यात. दोन नळांनी हंडा लवकर भरतो, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी खोका घेऊन पुन्हा दुकानात गेले. म्हटलं, ‘भाऊ, कार्ड काढलंत, तेव्हाच हा ‘एफ’ पण बदलायला हवा होता. हाच नंबर ‘एफ’शिवाय द्या, फरकाचे पैसे देते.’ तो क्षणभर बघतच राहिला. मग म्हणाला, ‘चुकलंच वहिनी आमचं,’ आणि बदलून दिला. फरक कार्डाच्या किमतीपुढे किरकोळ होता.

संध्याकाळी स्क्रीन उजळली. लेकीने टाळ्या वाजवल्या आणि मला हुश्श झालं.

परवा भिशीतली मैत्रीण मुलासाठी कॉम्प्युटरची चौकशी करत होती. दुकानदाराने दिलेला कागद तिने पुढे केला. मी चष्मा लावला आणि म्हटलं, ‘किंमत नंतर बघू. आधी शेवटचं अक्षर वाच!’