दानाची वास्तू, खाजगी घरे

इंग्लंडमध्ये थेम्स नदीकाठी ब्रे या गावी ‘जीझस हॉस्पिटल’ ही चौकाभोवती बांधलेली विटांची वास्तू आहे. येथे ‘हॉस्पिटल’ म्हणजे रुग्णालय नव्हे, तर निराधार वृद्धांचे धर्मार्थ निवासस्थान. १६०९ साली विल्यम गॉडार्डने ठेवलेल्या दानातून चाळीस वृद्धांची सोय झाली. चित्रकार फ्रेडरिक वॉकरने १८७२ साली हेच अंगण आपल्या चित्रात रेखाटले. पुढे तेथील लहान निवास आधुनिक गरजांना अपुरे पडले आणि एकविसाव्या शतकात त्यांची खाजगी घरे झाली. वारसा-संरक्षणाचा कायदा भिंती राखतो. दात्याचा हेतू राखणे विश्वस्तांच्या हाती असते. विक्रीचा पैसा धर्मादाय कार्यासच लावण्याचे बंधन त्यांच्यावर असते. त्यातून गरीब वृद्धांना अन्यत्र छप्पर मिळाले, तरच ते दान टिकले असे म्हणता येते.