ग्रॅमवरून थेट अणूंवर जाता येत नाही, मध्ये ‘दादर’ लागतं! मोलची गणितं अशी सोडवा

फणसवाडीतून काळबादेवी रस्ता ओलांडून पुढे गेलं की झवेरी बाजार लागतो. तिथलं १० ग्रॅमचं शुद्ध सोन्याचं नाणं घेतलं, तर त्यात सोन्याचे अणू किती असतील? प्रश्न अशक्य वाटतो, पण उत्तर दोन ओळींत निघतं. त्यासाठी लागतो तो मोल. अकरावीच्या रसायनशास्त्रात सुरुवातीलाच भेटणारा आणि भल्याभल्यांना घाम फोडणारा!

मोल म्हणजे नेमकं काय?

हार्डवेअरच्या बाजारात स्क्रू ग्रोसच्या हिशेबाने मिळतात. एक ग्रोस म्हणजे १४४ नग. एका ग्रोसचं वजन ठाऊक असेल, तर एकेक स्क्रू मोजावा लागत नाही, तराजू पुरतो.

मोल हाही असाच एक गठ्ठा. फक्त यात नग असतात ६.०२२ × १० चा २३ वा घात. हाच ॲव्होगॅड्रो अंक. पूर्वी मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून केली जायची. २० मे २०१९ पासून मात्र ६.०२२१४०७६ × १० चा २३ वा घात हा आकडाच कायमचा ठरवून टाकला आहे.

गठ्ठ्याचं वजन काढणं सोपं आहे. अणुवस्तुमान किंवा रेणुवस्तुमान जेवढं, तेवढे ग्रॅम म्हणजे एक मोल. सोनं १९७ ग्रॅम, पाणी १८ ग्रॅम, मीठ ५८.५ ग्रॅम. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या बाटलीवर हा आकडा छापलेलाच असतो.

गाडी दादरलाच बदलायची

चर्नी रोडहून ठाण्याला जायचं तर पश्चिम रेल्वेने दादर गाठायचं आणि तिथून मध्य रेल्वेची गाडी पकडायची. मोलच्या गणितात ग्रॅम, नगांची संख्या आणि वायूचे लिटर हे तीन वेगळे मार्ग आहेत. तिन्हींचं दादर एकच, ते म्हणजे मोल. मोलकडे येताना भागाकार, मोलपासून निघताना गुणाकार. एवढा एकच नियम!

आता ते नाणं. १० भागिले १९७, म्हणजे ०.०५०८ मोल. त्याला ॲव्होगॅड्रो अंकाने गुणलं की ३.०६ × १० चा २२ वा घात, इतके अणू.

दुसरं उदाहरण स्वयंपाकघरातलं. ४.२ ग्रॅम खाण्याच्या सोड्यावर भरपूर लिंबू पिळलं, तर किती कार्बन डायऑक्साइड निघेल? सोड्याचं रेणुवस्तुमान ८४, म्हणून ४.२ भागिले ८४, म्हणजे ०.०५ मोल. सोड्याच्या एका मोलमागे वायूचा एकच मोल निघतो. त्यामुळे वायूही ०.०५ मोल. गुणिले २२.४, उत्तर १.१२ लिटर.

चुका कुठे होतात?

पहिली चूक २२.४ ची. हा आकडा फक्त वायूंसाठी, तोही शून्य अंश सेल्सिअस आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाला. दाब एक बार दिला असेल तर २२.७ घ्यायचा. पाण्याला तो लावला तर गंमतच होते, कारण १८ ग्रॅम पाणी २२.४ लिटर नव्हे, जेमतेम १८ मिलिलिटर भरतं.

दुसरी चूक अणू आणि रेणू यांच्या गोंधळाची. १८० ग्रॅम पाण्यात १० मोल रेणू असतात, पण प्रत्येक रेणूत तीन अणू असल्याने अणू मात्र ३० मोल. प्रश्नात काय विचारलंय ते आधी वाचा. ‘नीट’ परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलं की एक कापला जातो.

तिसरी चूक भागायचं तिथे गुणण्याची. नाण्याचं उत्तर १९७० मोल आलं, तर ते जवळपास ३८८ किलो सोनं झालं! म्हणून प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा. ग्रॅम भागिले ‘ग्रॅम प्रति मोल’ केलं की ग्रॅम कटतात आणि मोल उरतो. काही भलतंच एकक उरलं, तर गाडी चुकली हे लगेच कळतं.

सराव कसा करायचा?

रोज तीन गणितं पुरेत, पण प्रत्येक गणित दोन्ही दिशांनी. ग्रॅमवरून अणूंवर गेलात तर आलेल्या अणूंवरून परत ग्रॅमवर या. सुरुवातीचा आकडा पुन्हा मिळाला की समजा, जमलं. उत्तरपत्रिका उघडायचीही गरज नाही.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. सलाइनच्या बाटलीत एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. ९ भागिले ५८.५, म्हणजे ०.१५४ मोल, अर्थात १५४ मिलिमोल. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सोडिअम बहुतेकदा याच मिलिमोलमध्ये येतं आणि साधारण १३५ ते १४५ असावं लागतं. तिथे ग्रॅम आणि मोलची गल्लत झाली, तर कापले जातात ते गुण नसतात.