वाऱ्या-पावसाशी झुंजणाऱ्या भिंतींना हवे नवे कवच

करंजा (ता. उरण) : पावसाळा तोंडावर आला, की किनाऱ्यावरील घरांच्या पश्चिमेकडील भिंतींवर पत्रे ठोकण्याची लगबग सुरू होते. धरमतर खाडीच्या मुखाशी, रेवसच्या समोर वसलेले करंजा त्यास अपवाद नाही. मात्र ओल्या भिंतीवर घाईने ठोकलेला पत्रा ओल थांबवण्याऐवजी ती आत कोंडतो आणि वादळात तोच पत्रा उडून शेजाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून अधिक होता. रायगड जिल्ह्यात असंख्य घरांची छपरे आणि पत्रे उडाले.

दाबापेक्षा ओढ घातक

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की भिंतीवरील दाब चौपट होतो. मुंबई परिसरासाठी भारतीय मानकाने वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे. या वेगाला एक चौरस मीटर भिंतीवर ढोबळमानाने 118 किलो वजनाइतका दाब येतो. मात्र पत्रा उखडतो तो मुख्यत्वे ओढीमुळे. घराला वळसा घालताना वारा कोपऱ्यांवर आणि कडांवर पत्र्याला बाहेर खेचतो. म्हणूनच मधल्या भागापेक्षा कडेला स्क्रू अधिक दाट हवेत. ते जुन्या गिलाव्यात अडकून न राहता विटेत किंवा दगडात खोल जायला हवेत. ठिसूळ गिलावा ओढ सोसत नाही.

ओल येते कुठून?

पश्चिमेचा पाऊस आडवा येतो आणि भिंतीच्या बारीक भेगांतून आत शिरतो. त्यात खारे वारे. भिंतीत साचलेले मीठ हवेतील दमटपणा शोषते, त्यामुळे पाऊस नसतानाही भिंत ओलसर राहते. पाणी सुकताना मिठाचे स्फटिक फुगतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. अशा भिंतीला बाहेरून जाड रंग फासला, तर ओल बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

कोकणातील जुन्या घरांनी यावर साधी तोड काढली होती. लांब वळचण, पडवी आणि पावसाळ्यापुरते भिंतीला बांधलेले झावळ्यांचे झाप. पाऊस झापांवर अडे आणि मागे हवा खेळती राही.

मधली पोकळी महत्त्वाची

नव्या कवचाचे तत्त्वही हेच आहे. भिंतीवर आधी उभ्या रिपा बसवून त्यांवर आच्छादन लावावे, म्हणजे मध्ये दोन ते चार सेंटीमीटर पोकळी राहते. ती खाली व वर उघडी ठेवून जाळी लावावी. आत शिरलेले पाणी खाली निथळते आणि वाहत्या हवेने भिंत सुकते. पत्रे खालून वर लावत जावेत. वरचा पत्रा खालच्यावर यावा. पश्चिमेच्या भिंतीवर काम उत्तर टोकाकडून सुरू केल्यास जोडांची उघडी कड नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून दूर राहते. खिडकीच्या माथ्यावर पाणी बाहेर फेकणारी वाकवलेली पट्टी हवीच.

खाऱ्या हवेत साधा खिळा सर्वांत आधी गंजतो. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडी खिळे मारले, तर दोन धातूंच्या संयोगाने झीज अधिक वेगाने होते. 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू महाग असले, तरी एकूण खर्चात त्यांचा वाटा लहान असतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या कापलेल्या कडांना रंगाचा हात द्यावा.

काम केव्हा करावे?

भिंत सुकल्याशिवाय ती झाकू नये, हा पहिला नियम. पावसाळ्यानंतर पोपडे खरवडून, भेगा बुजवून नोव्हेंबरपासून भिंत उघडी ठेवावी आणि मार्च-एप्रिलमध्ये कवच चढवावे. मे अखेरीस धावपळ करण्यापेक्षा हा क्रम घराच्या आणि शेजाऱ्यांच्याही हिताचा आहे. त्यानंतर दर पावसाळ्यापूर्वी सैल झालेले स्क्रू आवळले, तर हे कवच वर्षानुवर्षे साथ देईल.