रेमो : एकट्याचा बँड

मुलांनो, रॉक बँडमध्ये प्रत्येकाचे काम ठरलेले असते. कोणी गिटार वाजवतो, कोणी ड्रम, कोणी गातो. पण बँड सोडून एकट्यानेच सगळे करायचे ठरवले तर?

गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांनी ते करून दाखवले. त्यांचा जन्म १९५३ चा. मुंबईत आर्किटेक्चर शिकताना ते बँडमध्ये गिटार वाजवत. पुढे शिवोलीच्या घरी त्यांनी चार ट्रॅकचे छोटे रेकॉर्डिंग यंत्र वापरले. पहिल्या ट्रॅकवर एक वाद्य वाजवायचे, ते ऐकत दुसऱ्यावर दुसरे, आणि मग आवाज! अशी 'गोअन क्रेझी' ही कॅसेट १९८४ मध्ये तयार झाली. ती विकायलाही ते स्वतः स्कूटरवरून फिरले.

गाणी इंग्रजी, पण विषय गोव्याचे. म्हणूनच ती वेगळी वाटली. मग चित्रपटांचे दार उघडले : १९८७ मध्ये 'जलवा'चे शीर्षकगीत, १९९५ मध्ये 'बॉम्बे'तील 'हम्मा हम्मा'. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

भाषा कोणतीही असो, सांगायला आपल्या गावचे काहीतरी हवे. तुम्ही तुमच्या गावाबद्दल कोणते गाणे कराल? आईबाबांना विचारून चार ओळी लिहून आणा.